मागच्या खोलीखालची माती

ये, अशी जवळ ये. कागद डोळ्यांजवळ धर आणि घाईनं वाचू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की 'आई, मीटिंग आहे', 'आई, गाडी चालवतेय', म्हणून हे लिहूनच पाठवते. आणि आधी रागावून घेते, मग बाकीचं. मागच्या दिवाळीत आलीस तेव्हा देवघर आवरायला तुला कुणी सांगितलं होतं? निरांजनं घासलीस, चांगलं केलंस. पण ती बोटाएवढी काचेची बाटली उचलून सरळ कचऱ्यात टाकलीस. 'आई, पाणी हिरवट झालंय, काय काय साठवतेस' म्हणालीस. तू आंघोळीला गेल्यावर मी ती खरकट्यातून, भाजीच्या देठांतून शोधून काढली, धुतली, पाणी बदललं आणि गणपतीच्या मागं ठेवली. तेव्हा बोलले नाही. चार दिवसांसाठी आलेली लेक, तिच्यावर काय रागवायचं. आता रागवते. घरातली वस्तू अशी न विचारता टाकत जाऊ नको.

त्या बाटलीचं तुला अर्धंच ठाऊक आहे. तुझ्याच गाडीत बसून मी ती आणली, एवढं तुला ठाऊक आहे.

त्या वर्षी तुमच्याकडे यायला मी पहिल्यांदा विमानात बसले. तुझे बाबा आले नाहीत, दुकान कोण पाहील म्हणाले. तुम्ही मला तो कॅलिफोर्नियातला मोठा डोंगर दाखवायला नेलं, ते जंगलाचं उद्यान. डोंगर म्हणजे एकच दगड, आभाळापर्यंत उभा, आणि त्याच्या डोक्यावरून पाणी सुटलेलं. मी म्हटलं, हिंगणीवरून बोर धरणाकडे जाताना आपल्याला टेकडी लागते तीच मोठी वाटायची मला. जावईबापू हसले. पोळ्या आणि जवसाची चटणी आपण झाडाखाली बसून खाल्ली, आणि एक खार तुझ्या लेकीच्या हातातून पोळीचा तुकडा घेऊन गेली. सगळं छान होतं. परत येताना तू म्हणालीस, 'वाटेत एक जुनं गाव आहे आई, सोन्याच्या मागं लोक धावत आले होते तिथं. सोनाराची बायको आहेस, बघायला पाहिजेस.'

गाव म्हणजे एक रस्ता. लाकडी फळ्यांचे ओटे, लाकडाचीच दुकानं, समोरून उंच आणि मागून ठेंगणी. एका घोडागाडीत लोक हौसेनं बसत होते. तू मला तिथल्या संग्रहालयात नेलंस. माती धुवायची एक पेटी होती, पाळण्यासारखी हलवायची. भिंतीवर एक नकाशा होता, नदीकाठचा, सगळा चौकोनांत कापलेला. तू वाचून सांगितलंस, की प्रत्येकानं आपल्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या, वहीत नाव लिहायचं, मग त्या तुकड्यातली माती त्याची. दुसऱ्यानं उकरली तर सगळे जमा होऊन त्याला जाब विचारायचे.

मी विचारलं, "आणि या लोकांच्या आधी तिथं कोण राहत होतं?"

तू शोधलंस. दाराजवळ एक लहानशी पाटी होती. "इथले मूळचे लोक होते म्हणे. मग त्यांना वर डोंगरात जावं लागलं."

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच आहे आई. चल, ती बाहेर ओढतेय मला."

तुझ्या लेकीला माती धुवायची होती. बाहेर एक लांब हौद होता, गुरांना पाणी पाजायला असतो तसा, त्यात वाळू आणि पाणी. पैसे दिले की पसरट ताटली हातात मिळायची. पँटचे पट्टे खांद्यांवरून घेतलेला एक दाढीवाला म्हातारा लोकांना शिकवत होता. नात माझी सात वर्षांची, तिनं ताटली गरगर फिरवली आणि सगळी वाळू सांडली. मी तिच्या हातातून ताटली घेतली. आधी नुसतं झुलवायचं, बाळाला झुलवतो तसं. मोठे खडे बोटानं बाजूला. मग ताटली थोडी कलती धरून पाणी कडेवरून निसटू द्यायचं, हलकी वाळू त्याच्याबरोबर आपली आपण जाते. जड असतं ते मागं बसतं. तिसऱ्या खेपेला तळाशी पिवळे ठिपके राहिले. आजूबाजूचे लोक पाहायला लागले, आणि तू म्हणालीस, 'आई, पुरे.' तेवढ्यात तो म्हातारा काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, हे आधी केलंय का तुम्ही."

"हो म्हण."

"आई, कशाला खोटं?"

"म्हण गं."

तू हो म्हणालीस. त्यानं टोपी काढून मला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं, आणि ते ठिपके त्या बाटलीत पाणी भरून नातीच्या हातात दिले. गाडीत तू मला चिडवत होतीस, 'आमची आई, सोन्याची खाणकरीण.' मी खिडकीबाहेर पाहत होते. तुला वाटलं, दमले.

माझ्या हातांनी ते कधीच केलं नव्हतं. डोळ्यांनी मात्र वीस वर्षं पाहिलं होतं.

आपल्या दुकानासमोरचं गटार खरवडायला एक बाई यायची, आठवते का तुला? काळीसावळी, उंच, नाकात पितळेची चमकी. सोनझारी होती ती. सोनाराच्या दुकानातला केर आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. कानशीनं दागिना घासताना, तार ओढताना जे डोळ्यांना दिसत नाही तेवढं उडतं, आणि मातीत बसतं. दर चार दिवसांनी सकाळी, दुकान उघडायच्या आत ती यायची, कुंच्यानं फटीफटीतून झाडायची, घमेलं भरून वेणा नदीवर न्यायची. मी गोधड्या धुवायला नदीवर जायची तेव्हा बाजूलाच ती लाकडी काठवट घेऊन पाण्यात बसलेली असायची. घरच्या माणसांशी ती तिच्या बोलीत बोले, माझ्याशी आपल्यासारखं. मी धुणं टाकून तिचे हात पाहत बसायची. ती म्हणायची, "बाई, तुमच्या गोधड्या वाहून जाऊन राह्यल्या अन् तुमी माहे हात पाहता."

तेव्हा आपल्या दुकानात फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन होती. तुझ्या पणजोबांच्या वेळची. एक दिवस मी सारवत होते आणि ती आली. खाली वाकून तिनं ओल्या जमिनीशेजारी तळवा टेकवला आणि म्हणाली, "इच्या पोटात लय हाय, बाई. माह्या सासूनं झाडलं, मी झाडलं, पर खालचं कोणी काढलं नाई. कधी उकरसान त मले सांगजा."

मी म्हटलं, "तुलेच देईन. दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाई."

"शब्द?"

"शब्द."

तिनं जमिनीतून चिमूटभर माती काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. झालं, एवढाच आमचा कागद. पुढं दर दसऱ्याला सोनं द्यायला आली की विचारायची, "माही जमीन बरी हाय ना?" आणि मी म्हणायची, "हाय वं, झोपली हाय." तिला त्या मातीतून समुद्रपूरला एक जागा करायची होती. नदीकाठी पालात राहून कंटाळली होती. टिनाचं का होईना, पण न उचलावं लागणारं छप्पर पाहिजे, म्हणायची.

मग तुझं लग्न ठरलं. नव्वदच्या पुढची ती वर्षं, बाजारातली सगळी दुकानं फरशीची झाली होती, काचेची कपाटं आली होती. तुझ्या सासरची माणसं दुकान पाहायला येणार, आणि आमची आपली शेणाची जमीन. तुझ्या बाबांनी गवंडी बोलावला. पहार जमिनीत बसली, त्याचा आवाज कुठून तिच्या कानावर गेला कोण जाणे, दुपारी ती ओट्याखाली उभी. वर चढली नाही.

"उकरून राह्यले?"

"हो. पाहुणे येणार आहेत."

"मंग लगन होऊ द्या," ती म्हणाली. "या आठवड्यात मी तुमच्या उंबऱ्याबाहेर काई नेत नाई. पोरीले सुखानं जाऊ द्या. लगन झाल्यावर घमेली घेऊन येतो."

तुझ्या आजीचा नियम तिला माहीत होता. लेकीच्या लग्नाच्या आठवड्यात दुकानाचा केर घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. घरची लक्ष्मी जायला निघालेली असते, तिच्यामागं सोन्याचा कणही जाऊ नये. ती परक्या घरची बाई, पण तिनं आमचा नियम पाळला. आणि जाताना पिशवीतून पोलक्याचं कापड काढून दिलं, जांभळं, पिवळ्या बुंदक्यांचं. 'नवरीले' म्हणाली. तू संध्याकाळी विचारलंस, हे कोणी दिलं? मी म्हटलं, ओळखीच्या बाईनं.

उकरलेली माती अंगणात ढीग करून ठेवली होती. दोन दिवसांनी गवंडी म्हणाला, मागच्या नव्या खोलीच्या जोत्याला भराव पाहिजे, मुरूम आणायला ट्रॅक्टर मिळत नाही, पाहुणे उतरणार कुठं? ही माती पडलीच आहे. तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शब्दाचं ठाऊक नव्हतं, तो माझ्यात आणि तिच्यात होता. ते म्हणाले, "बोल, घालायची का?"

मला आठवलं नाही असं नाही, बाई. हे नीट वाच. लग्नाच्या गडबडीत विसरले असं मी पुष्कळ वर्षं मनात म्हणून पाहिलं, पण ते खरं नाही. हातात मजुरांच्या चहाचा ट्रे होता आणि मला सगळं आठवत होतं, तिचा तळवासुद्धा. पण मला वाटलं, लेक चालली आहे, ही पिढ्यांची माती तरी घरात राहू दे. घरातलं सोनं घराखाली राहील, तुझं सासर भरलेलं राहील. आजीचा नियम आठवड्यापुरता होता, तो मी कायमचा करून टाकला. मी म्हटलं, "घाला." घमेल्यामागून घमेलं जाताना मी उभी राहून पाहिलं. वरून चोपलं, काँक्रीट पडलं.

तू सासरी गेल्याच्या पाचव्या दिवशी ती आली. बरोबर तिची लेक, तुझ्याच वयाची, आणि दोघींकडे मिळून तीन घमेली. चपला खाली काढून ती नव्या फरशीवर आली. वाकून तळवा टेकवला. "थंड हाय," म्हणाली. मग उभी राहिली आणि विचारलं, "माती कुठी ठेवली?"

मी म्हटलं, "मजुरांनी नदीकाठी नेऊन टाकली. मले माईतच नाई पडलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मजुराले काय समजते. पाहतो मी." आणि गेली. पुढं पंधरा दिवस ती वेणेच्या काठावर फिरत होती. घाट, पुलाखालचा उकिरडा, जिथं जिथं लोक बांधकामाचा मलबा टाकतात तिथं तिथं मायलेकी काठवट घेऊन बसायच्या. दूधवाला मला सांगायचा, 'तुमची सोनझारीण आज पुलाखाली होती.' मी भांडं पुढं करायची आणि दूध घ्यायची. एका वाक्यानं ती उठली असती. पंधरा दिवसांनी पालं उठली, आणि मग आपलं गटार कोणी खरवडलं नाही.

आता कळलं, त्या गावात मी 'हो म्हण' का म्हटलं? तिथं अनोळखी माणसांचा तुकडासुद्धा चार खुंट्यांनी राखला होता. आमच्याकडे चिमूटभर माती आणि एक शब्द. आणि त्या म्हाताऱ्यानं नमस्कार केला तो तिच्या हातांना होता, घेतला मी. तेव्हा ठरवलं, परत गेल्यावर तिला शोधायचं. निघताना तुझ्या लेकीनं ती बाटली माझ्या पर्समध्ये घातली, 'आजी, तुला,' म्हणून.

शोधायला काही अवघड गेलं नाही. बाजारात विचारलं, दोन दिवसांत कळलं की समुद्रपूरला लेकीजवळ असते. तुझ्या बाबांना म्हटलं, एका ओळखीच्या बाईला भेटून येते, आणि एसटीत बसले. गावाबाहेर कुडाचं घर, वर प्लॅस्टिकचा कागद. टिन नव्हतं. ते आधी पाहिलं मी. लेक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेलेली. ती बाजेवर बसली होती, एका डोळ्यात पांढरं आलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सोनारीनबाई हाय का वं? चालणं ओळखलं. अजून टाच घासता."

मी बाटली तिच्या हातात दिली. सगळं सांगितलं, विमान, डोंगर, हौद, ताटली. तिनं बाटली उजेडाकडे धरून चांगल्या डोळ्यानं पाहिली, तिरकी केली, कण खाली बसू दिले.

"हे नदीचं नाई, बाई," ती म्हणाली. "हे टाकलेलं हाय. पाहा, सगळे एकासारखे. नदीचं सोनं असं नसते. अन् काळी रेती कुठी हाय? काळ्या रेतीबिगर सोनं बसत नाई. त्या बुढ्यानं हौदात टाकलं, अन् तुमी काढलं."

"पैसे घेतले त्यानं."

"लोकं पैसे देऊन माती धुते तिकडं? हौसेनं?"

"हो."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मंग मले काऊन नाई नेलं वं? मी त्याईले शिकोलं असतं. तुमी मधातच माहा धंदा खाल्ला."

मीही हसले. मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "ते एक राह्यलं पाहा बाई. तुमची माती मले सापडली नाई. लय पाह्यलं त्या काठाले. कुठी टाकली असन त्या लोकाईनं, काय माईत."

यासाठीच गेले होते मी. वाक्य तयार होतं, एसटीत दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. तेवढ्यात शेजारची सून चहा घेऊन आली. मी कपाला हात लावला, आणि तोंडातून निघालं, "पुरानं नेली असन."

"असन," ती म्हणाली.

निघताना तिनं बाटली माझ्या मुठीत परत दिली. "तुमच्या नातीच्या हातची हाय. टाकलेलं असलं तरी तिनं तुमाले देल्लं हाय. फेकू नका." म्हणून ती देवघरात आहे, आणि म्हणून मी ती खरकट्यातून काढली.

मी तिला का सांगितलं नाही, त्याची कारणं मी तुला देऊ शकते. तुझे बाबा तेव्हा होते, त्यांना काँक्रीट फोडा म्हणायची माझी छाती नव्हती. तिला सांगून माती देता आली नसती, तर सांगून काय उपयोग. अशी कारणं मला भराभर सुचतात. पण मी भ्याले, एवढंच होतं ते. तिनं मला चालण्यावरून ओळखलं, 'वं बाई' म्हणून हाक मारली, ती हाक मला गमवायची नव्हती.

आता तुझे बाबा गेले आणि माझी बाज मागच्या खोलीत आली. रोज मी त्या मातीवर झोपते. तुझ्या भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'आई, भरावात काय उरलं असेल, आणि कोण धुणार ते? तिच्या लेकीनं तर काठवट कधीच चुलीत घातली असेल.' खरं असेल. तरी मी म्हटलं, फोड. तो म्हणाला, ताई येऊ दे, ती म्हणेल तर फोडू. म्हणजे गोष्ट तुझ्यावर आली आहे. ती तुझ्यावर येणारच होती म्हणा, तुझ्याच लग्नाची माती ती.

मागच्या आठवड्यात समुद्रपूरचा एक माणूस दुकानात आला होता. सोनझारीण अजून आहे म्हणाला. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही आता, पण हात लावला की माणूस ओळखते. एकटी गेले तर मी पुन्हा चहा पिऊन परत येईन, माझी मला ओळख आहे. तू शेजारी असलीस तर तुझ्यासमोर मला पुराचं नाव घेता येणार नाही. त्या जांभळ्या कापडाचं शिवलेलं पोलकं तुझ्या ट्रंकेत असेल तर घेऊन ये, तिच्या हाताला लागू दे. लेकीलाही आण, ती ताटली गरगर फिरवणारी. आणि या खेपेला चार दिवसांची येऊ नको. ऊन तापायच्या आत ये. तिच्या बाजेपर्यंत मला तुझा हात धरून जायचं आहे. लवकर येजो, बाई.